माझ्या वळणाचं अक्षर

परवा ट्रंकेतून नाशिक जेलमधल्या माझ्या प्रौढ वर्गाची वही निघाली. तिच्या खडूच्या वासासरशी मी चाळीस वर्षं मागे गेले. कळवणकडचा एक जन्मठेपेचा कैदी माझी अक्षरं जीव लावून गिरवायचा. एका दुपारी त्यानं भरलेली पाटी पुढे केली.

"बाई, यातली तुमची ओळ कोन्ती, वळखा."

मी एका ओळीवर बोट ठेवलं.

"नाय, ती माझी हाय."

सगळे हसले, मीही हसले. शिकवणारीला आणखी काय हवं! तो मात्र माझ्या हाताकडे बघत राहिला.

वहीच्या शेवटच्या पानावर, माझ्याच अक्षरात, माझा गंगापूर रोडवरचा पत्ता आहे. मी तो लिहिलेला नाही. कैद्यांना पत्ता सांगायचा नाही, हा नियम मी कधीच मोडला नव्हता.

त्याच घरात मी अजून राहते.