कऱ्हाळ्यांचा र

अर्शिया प्रोग्रॅमिंग शिकली ती नांदेडच्या प्रेसमध्ये काम करता करता. सकाळी लग्नपत्रिका लावायच्या, दुपारी जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून बघायच्या. तिची पहिली उपयोगी वस्तू म्हणजे ‘चाळणी’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम. गावोगावच्या सोसायट्यांच्या याद्या जुन्या प्रोग्रॅममधून यायच्या. तो प्रोग्रॅम ठळक अक्षर काढायला एक अक्षर मारायचा, एक घर मागे यायचा आणि तेच अक्षर पुन्हा मारायचा. रिबनच्या प्रिंटरवर ते छान दिसे. लेझर प्रिंटरवर मात्र ‘सभासद’चं ‘ससभाभाससदद’ होई. अर्शियाची चाळणी एका ओळीच्या कमांडनं हे सगळं गाळून साफ मजकूर देई. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांवर आलं.

त्या शुक्रवारी अर्धापूरकडच्या एका केळी उत्पादक संस्थेची अंतिम मतदार यादी चाळणीतून निघाली. मतदान रविवारी होतं आणि यादी संध्याकाळी पाचच्या आत लावायची होती. संस्थेचे गटसचिव श्रीमंत दोन वाजता गठ्ठा घेऊन मोटारसायकलवर गेले.

अडीच वाजता प्रेसमधल्या गुलाम रसूल चाचांनी एक खराब निघालेलं पान उचललं. चाचांनी तीस वर्षं छपाईचे शिशाचे खिळे जुळवले होते. छापलेला कागद समोर आला की ते वाचणारच.

“बेटी, हे कोण म्हणायचं? कर्हाळे?”

“कऱ्हाळे, चाचा.”

“मग तसं लिहायचं ना. हितं तर ‘ह’च्या डोक्यावर रफार देऊन ठेवलाय.”

“तेच आहे हो. वाचणाऱ्याला कळतं.”

“तेच कसं? तुझ्या अर्शियातला र अलग, कऱ्हाळ्याचा र अलग. आमच्याकडं दोन्हीचे खिळे दोन खणांत ऱ्हायचे. चुकला तर उस्ताद कानाखाली द्यायचा.”

अर्शिया हसली नाही. तिनं मूळ फाइल उघडली. तिथं कऱ्हाळे बरोबर होतं. चाळणीनंतरच्या फाइलमध्ये चूक.

मंगळवारी तिनं चाळणीत एक ओळ वाढवली होती: न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाक. कुठल्याशा फाइलमध्ये चौकोन उमटत होते म्हणून. पण र आणि ह यांच्या मधे तसंच एक न दिसणारं चिन्ह असतं. त्याच्यामुळेच तो र अर्धा होऊन ह ला चिकटतो. चाळणीनं ते कचरा समजून फेकलं होतं. त्या चिन्हाशिवाय, नव्या पद्धतीनं टाइप केलेली कऱ्हाळ्यांची सात नावं तेवढी बचावली होती आणि तिनं तपासलं होतं नेमकं त्यांचंच पान.

तिनं ओळ दुरुस्त केली, चाळणी पुन्हा चालवली आणि दोन्ही फाइली कमांडनंच ताडून पाहिल्या. अडतीस ओळी वेगळ्या निघाल्या. अडतीसही कऱ्हाळे.

श्रीमंतनी चौथ्या वेळी फोन उचलला. तिनं चूक सांगितली.

“ताई, सही-शिक्का होऊन राहिलाय. पेनानं करतो ना दुरुस्त.”

“अंतिम यादीत पेन चालेल का?”

“न्हाई चालायचं. आन् तुम्हाला सांगतो, कऱ्हाळे सगळे एका पॅनलचे हायेत. समोरचे आधार कार्ड लावून बघतील, एकेकाला परत पाठवतील. तुम्ही लई बेक्कार जागी चुकल्या.”

“मी येते. मी पोचेपर्यंत यादी लावू नका.”

“लावू नका म्हणायला मी कोण? निवडणुकीचे साहेब बसलेत.”

अकरा पानं, दोन प्रती. प्रिंटर नेहमीच्याच वेगानं चालत होता. चाचांनी प्रत्येक गरम पान हातात घेऊन वाचलं. “जा,” ते म्हणाले, “पन मूळ फाइलचं पान बी घे. विचारतील.”

साडेचारला ती संस्थेच्या ऑफिसात पोचली. निवडणूक अधिकाऱ्यांनी जुनं आणि नवं पान शेजारी शेजारी ठेवलं.

“चारशे नावं. त्यात एकाच आडनावाची बिघडली. हे आपोआप?”

खोलीत दोन्ही पॅनलची माणसं उभी होती. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “आपोआप काय होतंय साहेब, करणाऱ्यानं केलं.”

अर्शियानं मूळ फाइलचं पान पुढं केलं. “सर, यादीत दुसऱ्या कुणाच्या नावात हा र नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. मी लिहून देते.”

“लिहून दिलं तर ते यादीशेजारी लागेल. तुमच्या नावानं.”

“कशाला ताई,” श्रीमंत पुटपुटले, “छपाईची चूक म्हणा की.”

“छपाईची नाही. माझी आहे.”

तिनं चार ओळी लिहिल्या, सही केली. अधिकाऱ्यांनी जुनी पानं आडव्या रेघा मारून रद्द केली आणि नव्या बावीस पानांवर एकेक सही करत गेले. पाचला दोन मिनिटं कमी असताना यादी भिंतीवर लागली, शेजारी तिचा कागद. मघाचा कोपऱ्यातला माणूस पुढं आला, त्यानं मोबाइलवर कागदाचा फोटो काढला.

“रविवारी काही झालं तर फोन कुणाला करायचा?”

तिनं आपला नंबर सांगितला. त्यानं तो परत म्हणून खात्री करून घेतली.

रविवारी तिनं फोन हातातून खाली ठेवला नाही. संध्याकाळी साडेचारला तो वाजला. श्रीमंत होते.

“अडतीसातल्या छत्तीस कऱ्हाळ्यांनी टाकलं मत. दोघं पुण्याला असतात, ते कधीच येत न्हाईत.”