तीन चपलांची म्हैस

सुदामकाका भिंतीसमोर आधी उकिडवे बसायचे. ब्रश हातात घेण्याआधी चांगली दहा मिनिटं, नुसते बघत. कामतघरच्या आमच्या शाळेत त्यांना पहिल्यांदा तसं बसलेलं पाहिलं तेव्हा मला वाटलं, दमले असतील. मी पाणी पाठवलं, तर म्हणाले, "दमलो न्हाय, बाई. पोरांना हितनं काय दिसतंय ते बघतोय. आपल्या उंचीवर काढलं तर त्यांना नुसते पायच दिसायचे."

पडघ्याला हायवेवर ट्रक रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी मुख्याध्यापिका होते. शाळेची पाटी रंगवायला मीच त्यांना बोलावलं. पाटी झाली आणि उरलेल्या रंगासाठी त्यांनी पहिलीच्या वर्गाची भिंत मागितली. त्या भिंतीवर कावळा डबा घेऊन ड्युटीला निघाला. लूमवर काम करणाऱ्या बापाच्या एका पोराने विचारलं, "दिवसपाळी का रातपाळी?" काकांनी विचार केला आणि कावळ्याच्या डोक्यावर सूर्य काढला. "दिवसपाळी. त्याची पोरं ल्हान हायत."

कावळ्याशेजारी म्हैस आली. तिच्या पायांत त्यांनी तीनच चपला काढल्या. चौथी का नाही, असं मी विचारलं. "ती पोरांनी शोधायची." घरी तेलुगू बोलणारी अनिता चार महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती. एका सकाळी ती म्हशीसमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "एक चप्पल हरवली!" काका त्या वेळी मोराचा पिसारा रंगवत होते. मागे वळूनही न बघता म्हणाले, "शोध ना मग. मीपण शोधतोय." त्या दिवसापासून अनिता बोलायला लागली.

मुलांच्या हातांनी रंग घासला जायचा. दर सुट्टीनंतर काका आपणहून यायचे, घासलेलं पुन्हा भरायचे.

मग एका वर्षी दिवाळीनंतर तपासणी येणार होती. दुसऱ्या एका शाळेत मी गुळगुळीत क्रीम रंगाच्या भिंती आणि वर ओळीने सुविचार पाहिले होते. आपली शाळा त्यापुढे गावठी दिसेल, अशी मला धास्ती वाटली. सुट्टीत मी त्या भिंतीवर क्रीम रंग मारून घेतला. मला कुणीही तसं सांगितलं नव्हतं.

शाळा उघडली आणि काका डबे घेऊन आले. दारातच थांबले. मी घाईघाईने म्हणाले, "वरून ऑर्डर आली, काका. माझा नाइलाज झाला."

ते भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "रंग चांगला बसलाय." मग म्हणाले, "नोकरी हाय, बाई. तुम्ही तरी काय करणार?" आणि मी त्यांनाच सुविचार लिहायला लावले. त्यांनी शिडीवर चढून सुरेख वळणात लिहिले. पहिलीतल्या मुलांना ते वाचताही येत नव्हते. वरच्या वर्गात गेलेली अनिता खाली त्या कोऱ्या भिंतीजवळ बराच वेळ घुटमळली.

काका नंतर शाळेत आले नाहीत. दहा वर्षांनी, ते अंथरुणाला खिळलेत असं कळलं, तेव्हा मी निवृत्त झाले होते. त्यांच्या खोलीवर गेले आणि एका दमात सांगून टाकलं, "काका, ऑर्डर वगैरे काही नव्हती. ते माझंच डोकं होतं."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्याच वर्षी ऑफिसात पाटी लिवायला गेलो होतो. तपासणीच्या साहेबांनीच विचारलं, मागं बघितलेली ती चपलावाली म्हैस कुठं गेली?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"पोरांच्या बाई तुम्ही. त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं कसं पाडू?"

मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले. "माझं काय, मी दुसरीकडं काढली म्हैस. माफी मागायची तर पोरांची मागा."

महिन्याभरात काका गेले.

ती मुलं आता मोठी झालीत. नारपोलीच्या बाजारात, रिक्षा स्टँडवर भेटतात, "बाई!" म्हणून धावत येतात, भर रस्त्यात वाकून पाया पडतात. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवते, "मोठा हो" म्हणते आणि पुढे जाते.