भावजयीनं आणलेलं चित्र

आईसाठी मी खुर्ची घेतली होती. पाठ मागं रेलते, पाय वर उचलले जातात, तसली. भाऊ बेळगावात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि आई त्याच्याकडे आली, तेव्हा मी ती कॅम्पातल्या दुकानातून हौसेनं आणली. आई बसली, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवून पाहिला. आठवडाभरात तिनं ती टीव्हीसमोरून ओढून दुसऱ्या भिंतीकडे वळवून घेतली. त्या भिंतीवर भावजयीनं आणलेलं चित्र होतं. म्हणजे खुर्ची माझी, पण बघायचं तिचं.

ते एचिंग होतं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढून, ॲसिडात बुडवून, शाई भरून कागदावर छापलेलं. वहीच्या पानाएवढं, काळं-करडं. आत एक खोली. भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात चूल, खाटेवर घडी घातलेली वाकळ, अर्ध्या उघड्या दारातून जमिनीवर आलेला उजेड. खाली पेन्सिलीनं ३/१२ असा आकडा आणि चित्रकर्तीची सही.

“बाराच काढल्यात आक्का,” भावजय म्हणाली. “आईंना घेऊन प्रदर्शनाला गेलतो. ह्याच्यापुढनं हालंनातच, म्हणून घेतलं.”

किंमत ऐकून मी म्हणाले, “एवढ्याशा कागदाला?” पण टोचलं ते वेगळंच. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबली, तिनं आम्हाला शिकवलं, ते तसल्याच एका खोलीत. तिला काय आवडतं हे लेकीला कळायला नको? आणि कालपरवा घरात आलेल्या पोरीला ते कळावं!

पत्ता काढून मी वडगावला चित्रकर्तीच्या घरी गेले. शेजारच्या यंत्रमागांची खडखड एवढी की आवाज चढवून बोलावं लागत होतं.

“मला तेच चित्र हवंय.”

“बाराही गेली हो.”

“मग अजून एक छापा. पत्रा आहे ना?”

तिनं पत्रा आणून दाखवला. खोलीवरून तिरके, खोल असे दोन ओरखडे गेले होते. “मीच मारलेत,” ती म्हणाली. “तेरावं निघू नये म्हणून. घेणाऱ्यांना तसा शब्द दिलाय.”

माझं तोंड उतरलेलं बघून तिनं त्या बारांत न धरलेली, विकायची नसलेली, स्वतःसाठी राखलेली प्रत दाखवायला काढली. तिला काच नव्हती. पत्र्याची कड कागदात रुतलेली बोटाला लागत होती. अंधाराच्या जागी शाई काजळासारखी दाट, आणि उजेड म्हणजे नुसता कोरा कागद. इतक्या जवळून बघितल्यावर मला त्याची किंमत पटली, आणि भावजयीवरचा रागही वाढला. तिला हे माझ्याआधी पटलं होतं.

घरी येऊन मी तिला फोन केला. “थोडे दिवस आईला माझ्याकडे पाठव.”

तिनं आईला आणून सोडलं, सोबत जुन्या साडीत गुंडाळलेलं चित्र. “हे बी ठेवून घ्या आक्का, न्हायतर त्यांना करमायचं न्हाय.” इतक्या सहज दिलं की माझ्याच्यानं धड हसवेना.

आई माझ्याकडेही त्या चित्रासमोर बसू लागली. एका संध्याकाळी चहा देताना मला राहवलं नाही.

“आई, निपाणीचं आपलं घर आठवतं व्हय?”

“न्हाय गं. आपल्या खोलीत कुठला एवढा उजेड? आन् माणसं किती! एकटीनं बसाय कवा मिळालंच न्हाय. टेकलं की कुणीतरी हाक मारायचंच.” तिनं कप उचलून चित्राकडे दाखवलं. “हितं बघ, कोण न्हाय. समदी भाईर गेल्यात. दार मी लोटून घेतलंय, आन् गप बसलीया.”

“आणि आम्ही पोरं?”

“तुमी बी भाईरच. खेळा की जरा!” ती मोकळी हसली.

मी आत जाऊन भावजयीला फोन लावला. “आई त्यात काय बघते, तुला ठाऊक होतं?” मी तिला आईचं बोलणं सांगितलं.

ती म्हणाली, “मला वाटलेलं, जुन्या घराची आठवण येत असंल.”

तिलाही कळलं नव्हतं. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते, पण फार वेळ नाही. बाहेर आले तर आई तशीच बसलेली. जवळ जाऊन बसावं, असं फार मनात आलं. पण हाक मारली नाही. भावजयीवरचा जळफळाट ओसरला होता. आता मला चित्रातल्या त्या खोलीचाच हेवा वाटत होता.