पाण्यात रमलेली वासंती

सकाळी माधवरावांचा फोन आला तेव्हा मी पोहायला निघाले होते. "वासंती गेली," एवढंच म्हणाले. त्याला आता दीडेक महिना झाला.

त्यांची बायको, माझी मैत्रीण वासंती, कर्वेनगरच्या एका तलावावर बायकांना पोहायला शिकवायची. पन्नाशी उलटल्यावर गुडघ्यांसाठी म्हणून मी तिच्याकडे गेले. पाण्याची मला विलक्षण भीती. कितीतरी दिवस मी कठडा सोडला नाही. तिने कधी ओढलं नाही. शेजारी पाण्यात उभी राहून म्हणायची, "कठडा कुठे पळून जात नाहीये. तूही नको पळूस." एके दिवशी हात सुटला तो सुटलाच, आणि आमची मैत्री जुळली.

गेल्या वर्षी जिना चढताना तिला धाप लागू लागली. वयाचं असेल, असं आम्ही सगळ्याच म्हणालो. एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी साठलेलं दिसलं. सुई घालून काढलं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा भरलं. आधी टीबीची शंका होती. मग त्या पाण्याच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. लिम्फोमाचा फार दुर्मिळ प्रकार, असं डॉक्टर म्हणाले. अंगात कुठे गाठ नाही, सगळा आजार त्या पाण्यातच. मी भेटायला गेले तर मलाच म्हणाली, "जन्मभर मी पाण्यात राहिले. आता ते माझ्याकडे राहायला आलंय. भाडंही देत नाही." मी हसले आणि मग रडले, तिने दोन्ही चालू दिलं.

केमोथेरपीने मधले काही महिने बरे गेले. डॉक्टरांनी तलावात उतरायला मनाई केली होती, काठावर बसायला नाही, हे तिनेच शोधून काढलं. डोक्याला रुमाल बांधून ती खुर्चीत बसायची. आवाज चढत नसे, म्हणून हाताने खुणा करायची. खोल बाजूला मी तोवर कधी गेले नव्हते. एका सकाळी तिने नुसतं तिकडे बोट दाखवलं. मी निघाले. मध्यावर घाबरून वर पाहिलं, तर माधवरावांचा हात धरून, धापा टाकत, ती काठाकाठाने माझ्याबरोबर चालत होती. पलीकडे पोचलो तेव्हा आम्ही दोघी सारख्याच दमलो होतो. "छान," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

थंडीत आजार उलटला. आता केमो नको, पाणी तेवढं काढत राहा, असं तिनेच शांतपणे सांगितलं. शेवटी घरीच होती...

परवा माधवरावांकडे गेले होते. रात्री अजून पलंगावर बसूनच झोपतो, म्हणाले. आडवं झालं की वासंतीचा जीव घाबरा व्हायचा. मग ते बसून राहायचे, आणि ती त्यांच्या पाठीला टेकून झोपायची.

"तिचा श्वास पाठीला कळायचा," ते म्हणाले. "आडवा व्हायला जातो... आणि वाटतं, ती पडेल."