एकाच लुगड्यातल्या तीन श्रीमंत बाया

मोताळ्याच्या तहसील कचेरीत एका दुपारी मी तीन निराधार म्हाताऱ्यांना श्रीमंत करून टाकलं. शाईच्या पेनानं, सहीनिशी. वय बावीस, मॅट्रिक सेकंड क्लास, मनगटावर नवं घड्याळ. त्यामुळे मला सगळंच कळत होतं.

निराधार वृद्धांना दरमहा मदत द्यायची योजना नवीनच आली होती. अर्जदाराला पाहून शेरा मारायचा, हे माझं काम. शेरा म्हणजे दोन शब्दांत माणसाचा निकाल.

पहिली आली सरूबाई. अंगावर लाल काठाचं, कडक घडीचं हिरवं लुगडं. मी लिहिलं, 'सुस्थितीत'. मग त्याच गावची अंजनाबाई. हिरवं लुगडं, 'सुस्थितीत'. तिसरी काशीबाई आली तेव्हा मनात म्हटलं, या गावात हिरव्याची फॅशन दिसते. मारला शेरा.

काशीबाई अंगठा उठवत होती तेवढ्यात भाऊसाहेब आले. त्याच गावचे रिटायर्ड सर्कल इन्स्पेक्टर. पेन्शन आमच्याच कचेरीतल्या ट्रेझरीतून मिळायची. कोटाच्या कोपराला ठिगळ. मला इतकी कीव आली की खुर्ची दिली आणि पदरचा चहा पाजला. चहा पिता पिता ते काशीबाईकडे बघून हसायला लागले.

"काऊन हसता, भाऊसाहेब?"

"अवं पोरी, हे लुगडं आमच्या घरचं होय. आमच्या बायकोनं सरूले देल्लं होतं. काशीच्या अंगावर कसं आलं?"

काशीबाई खाली बघत म्हणाली, "कचेरीच्या मागं बदलून राह्यलो आम्ही. सरकारपुढं फाटकं नेसून कसं यावं, बाई?"

"आणि तुमचा हा कोट?" मी भाऊसाहेबांना विचारलं.

"हा पेन्शनीचा कोट. चांगला घातला त उसने मागणारे फाटकातच धरतात."

चाळीस एकर ओलिताची जमीन, वर पेन्शन. चहा मात्र थेंबभर उरवला नाही.

मी अर्ज घेऊन नायब तहसीलदारांकडे पळाले.

"साहेब, शेरे बदलायचे आहेत."

"शाईनं लिहिले न?"

"हो."

"मंग खाडाखोड केली त ऑडिटवाला मले उलटं टांगीन. समितीची मीटिंग परवा हाय. उद्या गावात जा, घरं पाहा, नवा रिपोर्ट द्या. एस.टी.चं भाडं तुमचं तुम्ही."

गेले. सरूबाईच्या घरात पाहण्यासारखं एक ज्वारीचं मडकं होतं. मी झाकणाला हात लावला, तर तिनं ते वरून दाबून धरलं. आत काही नव्हतं म्हणून. मी न उघडताच रिपोर्ट लिहिला. माझ्या नोकरीतला पहिला शहाणपणा.

समितीनं सरूबाई आणि अंजनाबाईला मंजूर केलं. काशीबाई नामंजूर. नियम असा की सज्ञान मुलगा असेल तर बाई निराधार नाही. तिचा मुलगा सुरतेला गिरणीत होता. कित्येक वर्षांत ना पैसा, ना पत्र. मी साहेबांशी भांडले.

"मुलगा हाय का नाही?"

"आहे."

"मंग?"

त्या दिवसापासून मी अर्जदारांचे कपडे पाहणं सोडलं. पेन्शनरांना चहा पाजणंही.

काशीबाई निकाल ऐकायला आली. मी खालच्या आवाजात वाचून दाखवलं, 'मुलगा सांभाळ करण्यास समर्थ असल्याने अर्ज नामंजूर.' तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली,

"बाई, साहेबाच्या सहीचा तो कागद मले द्या. पोराले सुरतले धाडून देईन. त्याले मालूमच नाही, तो मले पोसून राह्यला म्हणून."