टिकलीशेजारची खूण

आमच्या सुमीच्या बाईंइतकी निर्लज्ज बाई अख्ख्या कराडात झाली नाही, आणि हे मी हात जोडून सांगते, नावं ठेवून नाही. विशेष मुलांच्या शाळेत त्या शिकवायच्या. केस विंचरणं शिकवावं तशी पाळी शिकवायच्या, तीही खणखणीत आवाजात. दुकानदारानं पॅडचा पुडा पेपरात गुंडाळला की तिथंच सोडवून पेपर परत द्यायच्या. "भाऊ, पेपर येतो माझ्या घरी." जुन्या परकराची एक बाहुली शिवली होती, चांगली पाच वर्षांच्या पोरीएवढी, तिला खरीखुरी चड्डी. एसटीत तिला मांडीवर घेऊन बसल्या तर कंडक्टर म्हणाला, "हिचं अर्धं काढू का?" बाई म्हणाल्या, "काढा की, ती पण शाळेलाच निघालीय."

तेराव्या वर्षी सुमीला पाळी आली, तर घाबरून कपाटामागं जाऊन बसली. आष्ट्याहून नणंद आली. "वैनी, गर्भाची पिशवीच काढून टाका तिची. लय सुटाल." मी थकले होते, खोटं कशाला सांगू? दवाखान्याचा दिवससुद्धा ठरवला. बाईंना कळलं तशा बाहुली काखोटीला मारून दारात हजर.

"आवं, पिशवी काढून रक्त थांबंल. उद्या कुणी नको तिथं हात लावला, तर 'नको' म्हणायला कोण शिकवणार? चार पाळ्या द्या मला."

दिल्या. पहिल्या खेपेला सुमीनं पॅड बाहुलीला लावलं, दुसऱ्या खेपेला टीव्हीला. तिसऱ्या खेपेला नणंदेनं लाडानं तिचा गाल ओढला, तर सुमी "नको!" म्हणून अशी ओरडली की शेजारी धावत आले. नणंद रुसली आणि बाई टाळ्या वाजवत राहिल्या. चौथ्या खेपेला सुमी आपली आपण मोरीत गेली, बदलून आली, वापरलेलं कागदात गुंडाळून टाकलं, आणि शिकवल्यासारखी कॅलेंडरवर लाल टिकली चिकटवली. बाईंनी शेजारी लाल पेनानं बरोबरची खूण केली. मी दवाखान्याकडं फिरकले नाही ती नाहीच.

पुढं दर महिन्याला त्या खूण करायला यायच्या, बिनसाखरेचा चहा प्यायच्या. आता गुडघे गेलेत, सांगलीला लेकाकडं असतात. फोनवर म्हणतात, "जिना उतरता आला की येतेच." आम्हीच जावं, तर सुमी एसटी दिसली की रडते. बाहुली आमच्याकडंच आहे.

टिकल्या वाढतायत, शेजारी जागा रिकामी. परवा राहवलं नाही, मीच लाल पेन उचललं. सुमीनं माझं मनगट धरलं.

"नको," म्हणाली. अगदी बाईंनी शिकवलं होतं तसं.

मी पेन खाली ठेवलं.