आबांच्या बाजूचं दार

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. कुणी न विचारताही मी हे सांगतो, आणि सांगताना लाजत नाही. आजोबा मेंढरांमागं फिरले, वडील फिरले. मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि औरंगाबादेत (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो. छावणीतल्या भाड्याच्या घराला मागं अंगण होतं. त्या अंगणात चार वर्षं, रविवारी रविवारी, मी एक गाडी बांधली. खाली भंगारातून आणलेली जुन्या जीपची चासी, वरचं सगळं माझं. पत्रा माझा, वेल्डिंग माझं, दारं माझी.

दारांनीच जास्त रडवलं. माझी दारं पातळ होती आणि बाजारातलं कुठलंच तयार लॅच त्यांत मावेना. मग लॅचही मीच केलं. पोलादी पट्टीची जीभ, तिच्यामागं स्प्रिंग, समोर खांबाला खाच. दार ढकललं की जीभ दबून खाचेत बसणार. एवढं साधं. पण मला आवाज पाहिजे होता. मोठ्या साहेबांच्या गाडीचं दार लागताना येतो तसा. माझ्या पहिल्या लॅचचा आवाज तुरुंगाच्या दारासारखा होता. जीभ काढायची, शिकंज्यात धरायची, कानशीनं दोन हात मारायचे, परत बसवून दार लावून बघायचं. असे कितीतरी रविवार गेले. शेवटी एकदा बारीक, गोड ‘टक्’ आलं. बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून मी पाच-सहा वेळा दार लावून दाखवलं.

“आवाज चांगलाय,” ती म्हणाली. “पण धरतंय का?”

मी तिच्याकडं असं बघितलं की ती पोळ्या करायला परत गेली.

गाडीत पहिल्यांदा आबांना, म्हणजे वडिलांना बसवायचं आणि वेरूळला देवाला न्यायचं, हे मी पहिल्या वेल्डिंगच्या दिवशीच ठरवलं होतं. आमचं गाव देवगाव रंगारीजवळ. गाडी स्टँडवरच्या चहाच्या टपरीसमोर थांबवली तर निम्मं गाव जमलं. आबा पुढं माझ्या शेजारी, डाव्या दाराशी बसले. मागं माझी बायको आणि दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

दाजी म्हणाले, “इंजिनेर साहेब, दाराला घरच्यावानी कडीकोयंडा लावायचा ना. वर कुलूपबी घालता आलं असतं.”

सगळे हसले. आबा हसले नाहीत. घोंगडी आवरून, काठी गुडघ्यांत धरून ते पाहुण्याच्या घरी बसावं तसे बसले होते.

टपरीपासून हाकेवर पूल आहे. तिथं रस्ता डावीकडं खचला होता. पुढचं डावं चाक त्यात उतरलं, दार उघडलं आणि आबा बाहेर गेले. गाडी पायी चालण्याच्या वेगात होती, म्हणून नुसतं मनगट मोडलं.

टपरीवरची माणसं धावत आली. दार कसं उघडलं, कुणीतरी विचारलं. आबा अजून जमिनीवर होते. त्यांना उठता येतंय का हे बघायच्या आधी मी म्हणालो, “हँडल ओढलं असेल. नाहीतर घोंगडी अडकली. सवय नाही ना त्यांना.”

आबांनी खालून माझ्याकडं बघितलं.

त्या हंगामात त्यांच्या मेंढरांची लोकर दुसऱ्यांनी कातरली. आयुष्यात पहिल्यांदा. एसटीत चढताना पोरंटोरं त्यांना म्हणायची, “आबा, मधल्या सिटावर बसा. दाराला हात लावू नका.” हे मला दाजींनी हसत सांगितलं आणि मीही हसलो.

बायको एवढंच म्हणाली, “त्यांचा हात हँडलवर तुम्ही बघितला?”

“मी रस्ता बघत होतो.”

“मी मागून बघत होते. दोन्ही हात काठीवर होते.”

“तुला त्यातलं काय कळतंय?” मी म्हणालो. त्यानंतर ती अंगणात फिरकायची बंद झाली.

पुढं एका रविवारी चाक पंक्चर झालं. पुढचं, उजवं. मी जॅक लावून ते कोपऱ्यातनं वर उचलायला लागलो. दारं सगळी लावलेली होती, जवळपास कुणी नव्हतं. जॅकचे पाच-सात वेढे झाले आणि पलीकडून ‘टक्’ आलं. तोच गोड आवाज. आबांच्या बाजूचं दार आपोआप उघडून लोंबत होतं.

जॅक उतरवला, दार लावलं, परत चढवला. परत उघडलं. तीनदा केलं.

अंगण सपाट होतं. सगळी दारं मी त्या सपाट अंगणात बसवली होती. उजवं चाक वर गेलं काय आणि डावं खड्ड्यात उतरलं काय, जुनी चासी सारखीच पिळते. पिळली की दार आणि खांब यांच्यातली फट वाढते. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी. जीभ तेवढी लांब असती तर धरलं असतं. पण आवाजासाठी मी नेमकी तीच घासत बसलो होतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मला काय सांगता? त्यांना सांगा.”

सरळ जीभ मी फेकून दिली. खांबाला जाड पिन लावली आणि तिला मिठी मारून बसणारा आकडा केला. दार ओढलं तर तो आणखी घट्ट धरतो. आवाज ‘धाड्’ असा येतो. चारही चाकं एकेक करून उचलून बघितली. दार हललं नाही. मग गावी गेलो.

आबा वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या फाटकाला दावं बांधत होते. मनगट जरा वाकडंच जुळलं होतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी गाठ पुरी केली.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “हात माझं. ते कुठं व्हतं ते मला ठावं नसंल व्हय?”

“मग बोलला का नाही तुम्ही?”

“बोललो असतो तर कुनाचं खरं धरलं असतं त्यांनी? तू शिकलेला.” फाटक हलवून बघत म्हणाले, “मला सांगून काय व्हतंय? टपरीवर सांग.”

गेलो. तीच माणसं होती, दाजीही होते. मी म्हणालो, “त्या दिवशी दार आबांनी उघडलं नाही. लॅच मी चुकीचं केलं होतं.” हाताची बोटं एकमेकांत अडकवून चासी कशी पिळते तेही दाखवलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांच्यातले एक वडीलधारे म्हणाले, “बघा. एवढा शिकला, पर बापाची चूक सोताच्या अंगावर घेतोय. लेक असावा तर असा.”

“अहो, खरंच सांगतोय.”

“व्हय, व्हय,” ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. दाजींनी पाठीवर थाप मारली. मी जितकं समजावून सांगत गेलो तितके ते माझ्यावर खूष होत गेले.

तिथनं परतल्यावर वेरूळला जायला आबा गाडीत बसले. मी म्हणालो म्हणून बसले. टपरी जवळ आली तशी त्यांनी काठी मागच्या सीटवर ठेवली आणि दोन्ही पंजे समोर काचेखाली, डॅशबोर्डवर पसरून ठेवले. बाहेरून स्पष्ट दिसतील असे. टपरी गेली. पुलाजवळ चाक खड्ड्यात उतरलं, गाडी कलली, दारानं धरलं.

“आबा, आता हात खाली घ्या.”

“राहू दे. लोकं बघत्यात.”

पुढं दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती. वेरूळ येईपर्यंत हात तिथंच होते.